तिसऱ्या अंकात वारलेली आई

माझी आई दोनदा वारली. दुसऱ्यांदा वारली ती चारचौघींची आई वारते तशीच, म्हातारपणी, अंथरुणावर, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पहिल्यांदा वारली तेव्हा मात्र ती गणपतीच्या मांडवात बायकांच्या बाजूला मांडी घालून बसली होती, ओच्यात फणसाच्या भाजलेल्या आठळ्या होत्या, आणि तिकडे स्टेजवर तिचा प्राण जात असताना इकडे ती एकेक आठळी सोलून माझ्या हातावर ठेवत होती. अर्ध्या रत्नागिरीनं ते मरण पाहिलं, पदर ओले केले, आणि पुढे गावातल्या साप्ताहिकात त्याची तारीफही छापून आली. इतकं गाजलेलं मरण आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला लाभलेलं नाही.

त्याचं असं झालं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दिवसा कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात कादंबरीकार. घराच्या पडवीत त्यांचं उतरतं मेज होतं. तिथं बसून ते लिहीत, आणि लिहिताना सगळ्या पात्रांची भाषणं मोठ्यानं म्हणून पाहत. रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, आत भावाभावांचं भांडण चाललंय. आम्हाला सवय होती. एका बाजूनं अण्णांचा सरदार गर्जत असे, दुसऱ्या बाजूनं आईनं रवी फिरवल्याचा आवाज, मागच्या आगरात पोफळीची झावळ पडल्याचा धप्प आवाज, आणि मध्येच टक्‌टक्. ही टक्‌टक् म्हणजे अण्णा टाकाच्या मागच्या टोकानं पितळी पेल्यावर वाजवायचे ती. तिचा अर्थ 'चहा'. आई हातातलं काम टाकून चहा नेऊन ठेवी. तो पिऊन अण्णा पुन्हा गर्जू लागत. 'छान झालाय' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यांच्या कादंबरीतले पुरुष बायकांशी बोलायला लागले की पानंच्या पानं थांबत नसत, पण घरातल्या बायकोशी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. जेवताना आमटीचा पहिला भुरका मारला की ते म्हणत, "गूळ जास्त झालाय." आई म्हणे, "बरं." दुसऱ्या दिवशी आमटीत गूळ तेवढाच. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय, असं आईच सांगे. माझी थोरली भावंडं मार्गी लागली होती, घरात मी एकटीच उरले होते, त्यामुळे या रोजच्या संवादाला प्रेक्षक मी एकटी.

अण्णांचे एक भक्त होते, विसूभाऊ. म्युनिसिपालटीत ओव्हरसियर, लग्नाचं वय टळलेले, डोक्यात सदैव नाटक. त्यांनी त्या वर्षी ठरवलं की गणपतीत पौराणिक नाटक करायचं नाही, अण्णांच्या चरित्रावरच करायचं. नाव ठेवलं 'लेखणीचं तप'. अण्णा आधी "छे छे, माझं कसलं चरित्र" म्हणाले, आणि मग विसूभाऊंना चुकून एखादी घटना राहून जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी त्यांना बोलावून घेऊ लागले. आईला कुणी काही विचारलं नाही. एकदाच विसूभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमचं ते हिरवं लुगडं द्याल का? तुमचं काम आमचा दत्तू करतोय. अंगाला अंग तसंच आहे." दत्तू पोस्टात होता, गोरा, नाजूक आवाजाचा. आईला मनातून बरं वाटलं असावं. तिनं पेटीतून ते लुगडं काढलं, मोत्याची नथसुद्धा दिलीन, आणि मला म्हणाली, "मथे, मी नाटकात आहे हो." त्या दिवशी आमटीत गूळ खरोखरच जास्त पडला.

प्रयोगाला मांडव गच्च भरला. पाऊस पडत होता, वरचे झाप गळत होते, आणि जिथं गळत नव्हतं तिथं माणसं गळत होती, कारण पहिल्याच अंकात विसूभाऊंनी अण्णांना इतकं उपाशी ठेवलं की समोर बसलेल्या बायका हळहळायला लागल्या. खऱ्या अण्णांनी आयुष्यात एकादशीसुद्धा कधी पुरती केली नव्हती. दुसऱ्या अंकात नायकानं अंगावरची शाल भिकाऱ्याला देऊन टाकली. "ती शाल माजघरातल्या पेटीत आहे," आई माझ्या कानात म्हणाली. दत्तू तिच्या लुगड्यात ठुमकत आला तेव्हा मात्र ती हरखून गेली. "बघ, पदर कसा घेतलाय मेल्यानं, अगदी माझ्यासारखा." मग तिसरा अंक उघडला. दत्तू चटईवर आडवा पडून खोकत होता. आईचा हात आठळीवर थांबला. "मला काय झालंय?" तिनं विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. दत्तू अर्धा अंक खोकला, मग नायकाच्या हातात लेखणी देऊन म्हणाला, "नाथ, माझ्यासाठी रडू नका, लिहा," आणि गेला. नायकानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन जे भाषण केलं ते मला अजून पाठ आहे. तूच माझी स्फूर्ती, तूच माझी शाई, तुझ्यावाचून माझा एक शब्द कागदावर उतरला नसता, असं बरंच होतं. मांडवात हुंदके फुटले. आमच्या शेजारच्या काशीकाकूंनी तर माझ्या आईच्याच खांद्यावर डोकं टेकलंन आणि म्हणाल्या, "फार चांगली होती हो!"

"होय हो, होती," आई म्हणाली. आणखी काय म्हणणार?

मागून कुणीतरी "बाई मरतेय तिकडे, आठळ्या कसल्या सोलताय" म्हणून तिलाच दटावलं. पण आई स्टेजकडे पाहतच नव्हती. पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. ते उपरण्यानं डोळे पुसत होते, आणि उपरणं कमी पडल्यावर सदऱ्याच्या बाहीनं पुसू लागले. आई ते एकटक बघत होती. तिनं उरलेल्या आठळ्या माझ्या हातावर ओतल्यान. घरी जाताना छत्रीखाली एवढंच म्हणाली, "माझंच लुगडं नेसून मला मारलंन. आणि हे रडले. मी बाजूलाच बसले होते की नाही ग?"

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर रीघ लागली. तिला बघायला बायका आल्या. जणू ती खरंच गेली होती आणि तिचे दिवस चालू होते. कुणी म्हणे, "भाग्यवान हो, अहेव गेलात, नवऱ्याच्या मांडीवर." कुणी हळूच विचारी, "शेवटचा खोकला खराच होता का हो तुम्हाला?" रखमा खारवीण शेजारच्या घरी मासळी द्यायला येई. ती पाटी पायरीवर टेकून म्हणाली, "वयनी, तुमी म्येलाव तवा मी लय रडली. माझा न्हवरा दर्यात गेला तवा बी यवडी नाय रडली. तो आला म्हना मागून परत." आईनं तिला आत बोलावून चहा दिला. पहिल्या दिवशीचा तेवढाच प्रेक्षक तिला आवडला. मग साप्ताहिक आलं. त्यात आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी टीका लिहिली होती, आणि अण्णांनी ती पडवीत उभं राहून मोठ्यानं वाचली. हेडमास्तरांच्या मते पहिले दोन अंक सामान्य होते, पण पत्नीच्या मृत्यूनं नाटकाला उंची आली. पत्नी जगती तर नायक जन्मभर कारकूनच राहता. दुःखाच्या मुशीतून प्रतिभा उजळते, ती अशी. "वा! काय मर्म पकडलंय!" असं म्हणून अण्णा मेजाशी बसले आणि पेल्यावर टक्‌टक् केलं.

आई चुलीपुढे बसली होती. ती हलली नाही. अण्णांनी पुन्हा टक्‌टक् केलं. मग आई मला म्हणाली, आणि शब्द पडवीपर्यंत जातील अशा बेतानं म्हणाली, "मथे, सांग त्यांना, या घरातली बाई तिसऱ्या अंकात गेली. मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही."

अण्णांना आधी ती थट्टा वाटली. दुपारी पाटावर बसले तर ताट नाही. माझं होतं, आईचं होतं, मध्ये रिकामा पाट. संध्याकाळी तेच. मी मधली निरोप्या. "आईला विचार, माझा सदरा कुठाय?" "सांग त्यांना, दत्तूला विचारा." "आईला म्हणावं, पुरे झालं." "म्हणावं, पुरं झालं म्हणूनच गेले." मला या कामाची इतकी गोडी लागली की मी निरोपाला माझ्या पदरची फोडणीही देऊ लागले. अण्णा उपाशीपोटी चहाच्या आशेनं हेडमास्तरांकडे गेले. तिथं हेडमास्तरांनी दुःख आणि प्रतिभा यांवर भरपूर व्याख्यान दिलं आणि पाण्याचासुद्धा पेला पुढे केला नाही. खानावळीत जावं तर गावभर होणार. शेवटी अण्णा चुलीपुढे बसले. मला फुंकर घालायची मुभा होती, प्रमाण सांगायची नव्हती, असा आईचा कायदा होता. ती माजघरात तांदूळ निवडत बसे आणि धुरानं अण्णा खोकले की म्हणे, "मथे, कोण खोकतंय ग? तिसरा अंक लागला का?"

विसूभाऊ समजूत घालायला आले. आईनं त्यांना पाट दिला, गूळपाणी दिलं, कारण भांडण त्यांच्याशी नव्हतंच. "वहिनी," ते म्हणाले, "तिसरा अंक उभाच राहीना हो. कुणीतरी जायला हवं होतं. अण्णांना मारलं असतं तर चौथा अंक कुणाचा?"

"मारलंत त्याचं काही नाही," आई म्हणाली. "पण मेल्यावर त्या बाईला केवढं ऐकवलंत! ते ऐकायला ती मुळी जागी नव्हती. आणि मी जागी होते, तर मला आजवर गूळ सोडून काही ऐकू आलं नाही." विसूभाऊ खाली बघून गूळ चघळत राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आई रागावलेली नाही, तिला फार लागलंय. माझ्या तोंडचा फोडणीचा उत्साहही त्या दिवसापासून ओसरला.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. आमच्याकडे अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं, सवाष्ण जेवायला बोलावतात. तिची ओटी भरतात, नमस्कार करतात. बाई सवाष्ण गेली याचा तो मान. नवमी जवळ आली तशी आईनं माझ्याकरवी निरोप धाडला: "घरची बाई अहेव गेलीय, तेव्हा नवमी घालायला हवी. स्वयंपाक यजमानांनी करायचा. सवाष्ण म्हणून मी येईन." भटजींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते ओटीच्या पायरीवरूनच परतले. "जिवंत बाईची नवमी? शांतं पापम्! मी नाही हो यात." आई आतून म्हणाली, "भटजी, मी पिंड मागत नाही, जेवण मागतेय." पण भटजी तोवर अंगणाच्या बेड्याबाहेर पोचले होते.

मला वाटलं होतं अण्णा आता भडकणार. ते भडकले नाहीत. नवमीला सकाळी उठून त्यांनी आंघोळ केली, आगरातून अळू कापून आणलं, विहिरीवर धुतलं. भात थोडा लागला, खीर दाट होऊन तिचा शिरा झाला, अळू घशाला खवखवलं कारण त्यात चिंच घालायची राहिली. आमटीशी मात्र ते बराच वेळ बसले. चाखत होते, डोकं हलवत होते, डब्यात पुन्हा हात घालत होते. आई माजघरातून मागच्या दारानं बाहेर गेली आणि पाहुणी येते तशी पुढच्या दारानं आत आली, पाय धुऊन. पाटावर बसली. अण्णांनी हळदकुंकू पुढे केलं, तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. नमस्काराच्या वेळी ते क्षणभर अडखळले आणि मग खरंच वाकले. आई दचकून पाय आखडून बसली, पण उठली नाही.

"आता घास घे," अण्णा म्हणाले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ते थेट तिच्याशी बोलत होते आणि मला काम उरलं नव्हतं.

"त्या दिवशी स्टेजवर बाई गेल्यावर जे म्हटलंत, ते आधी म्हणा. मग घेईन."

अण्णांनी घसा साफ केला. "तूच माझी स्फूर्ती, तूच माझी..."

"ते विसूभाऊंचं झालं. तुमचं सांगा."

ज्या माणसाचा सरदार तासन्‌तास गर्जत असे तो माणूस हातात पळी घेऊन उभा राहिला आणि त्याला वाक्य सुचेना. भात निवत चालला. बाहेर शेजारणी कुडापाशी ताटकळल्या होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. शेवटी अण्णा म्हणाले, "आमटी चाखून बघ."

आईनं भुरका मारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग मीही बोट बुडवून चाटलं. आईचीच आमटी होती, गुळासकट.

"आधी कमी घालून केली," अण्णा म्हणाले. "जन्मभर मागत आलो तशी. घशाखाली उतरेना. मग रोज थोडा थोडा वाढवत आलो." मग पळीकडे बघत एकदम म्हणाले, "तू माझ्याआधी जाऊ नकोस हो. नाटकातसुद्धा मला ते बघवलं नाही. मला आधी जाऊ दे."

कुडापलीकडच्या बांगड्या थांबल्या. आजच्या मुलींना यात काय एवढं, असं वाटेल. पण त्या काळी बाईला आशीर्वाद असे तो अहेव मरणाचा. नवऱ्यानं 'मला आधी जाऊ दे' म्हणणं म्हणजे बायकोला वैधव्य दे असं देवापाशी मागणं. सणावाराला असलं कुणी बोललं तर पोरालाही तोंडावर मारत. काशीकाकू कुडाबाहेरून ओरडल्या, "अहो, जीभ आवरा! हे काय भलतंच!"

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती पदरानं तोंड दाबून म्हणाली, "ऐकलंत का हो काकू? गोड शब्द मागितला तर मला बोडकी करायला निघालेत!" आणि तिनं घास घेतला. लागलेला भात, खवखवणारं अळू, सगळं पान चाटूनपुसून जेवली. उठताना म्हणाली, "गूळ जास्त झालाय." अण्णा म्हणाले, "बरं." त्या दुपारी पेला वाजला आणि चहा गेला.

नवरात्रात लोकाग्रहास्तव दुसरा प्रयोग झाला. विसूभाऊंनी आईच्या धाकानं तिसरा अंक बदलला होता. दत्तू खोकून खोकून उठून बसला आणि त्यानं पेज मागितली. मांडवात आधी कुजबूज झाली, मग मागून आवाज आला, "अरे, मरू दे की तिला!" रुमाल घेऊन आलेले लोक चिडले होते. बायकांतून रखमा उभी राहिली, "मराया काय झाला हिला? मागच्या टायमाला कशी झकास म्येली हुती!" दत्तू पेजेची वाटी हातात धरून विंगेकडे बघत राहिला. तेव्हा माझी आई उठली आणि म्हणाली, "विसूभाऊ, मारा हो तिला. लोक रडायला आलेत. माझी काही हरकत नाही. तसंही लुगडं या वेळी माझं नाही." दत्तू लगबगीनं आडवा झाला आणि वारला. रडं पहिल्यापेक्षा मोठं झालं. हेडमास्तरांनी साप्ताहिकात लिहिलं की दुसऱ्या प्रयोगात नायिकेचा मृत्यू अंमळ लांबला, तरी परिणामकारक होता. अण्णा मात्र या खेपेला रडले नाहीत. भाषण चालू असताना ते उभे राहून, स्टेजकडे पाठ फिरवून बायकांच्या बाजूला बघत होते, आणि मागचे लोक त्यांना "खाली बसा, कादंबरीकार" म्हणून ओरडत होते.

अण्णांनी मागितलं ते त्यांना मिळालं. ते आधी गेले. आईनं कपाळ पुसलं तेव्हा ती कुणाला दोष देत नव्हती, फक्त म्हणाली, "मागून घेतलंन." त्यानंतर ती पुष्कळ वर्षं राहिली, आणि एकटीसाठी करायची तरी आमटीत गूळ तेवढाच घालायची.

मी आता तिच्यापेक्षाही म्हातारी झाले आहे. दर वर्षी नवमीला मी तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालते. आमचे हल्लीचे भटजी, पोरगेलेच आहेत, मला समजावतात की आजी, तुमची आई विधवा गेली, तिची नवमी होत नाही. मी त्यांना सांगते, माझी आई अहेव गेली, नवऱ्याच्या मांडीवर, हिरव्या लुगड्यात. सगळ्या रत्नागिरीनं पाहिलंय आणि छापूनही आलंय. या वर्षी शेजारची नवी सून सवाष्ण म्हणून आली होती. पहिल्याच घासाला ती जरा थांबली, आणि भीतभीत म्हणाली, "आजी, आमटीत गूळ थोडा जास्त झालाय का?"

मी म्हटलं, "बरं."